हळदीचे पाणी गाळणारा मी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीचा नव्हे, पाणी गाळणारा. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ! सांगलीच्या एका कॉलेजात समीक्षा नावाच्या मुलीने मला थ्रीडी प्रिंटरवर छापले. सुईसारख्या नळीतून पातळ केलेले प्लॅस्टिक थरावर थर बसत गेले आणि माझ्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे तयार झाली. माझ्याआधीचे सात पडदे पाण्याच्या दाबाने फाटले होते. मी टिकलो.

समीक्षाने मला कडेगावजवळ भाऊसो नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात आणले. तिथे हळद शिजवली की पिवळे, उग्र पाणी शेजारच्या बयाबाईंच्या विहिरीत उतरे. त्यांची म्हैस त्या पाण्याला तोंड लावेना. दोन्ही घरांचे बोलणे तुटले होते.

पंप सुरू झाला. गार झालेले पिवळे पाणी जोराने माझ्यावर आदळले. मी ताठ राहिलो. पलीकडे थेंब थेंब नितळ पाणी पडू लागले.

“पोरी, म्हशीलाच इचारू की,” बयाबाई समीक्षाला म्हणाल्या.

म्हशीने त्या नितळ पाण्याची बादली हुंगली आणि एका दमात रिकामी केली. त्या दिवसाचा अभिमान मला अजून वाटतो.

दोन हंगाम मी राबलो. लांबून लोक मला पाहायला येत. रोज उलट्या बाजूने पाणी सोडून मला धुवायचे, असे समीक्षाने बजावले होते. पण कामाच्या घाईत भाऊसोंकडून ते राहू लागले. माझी छिद्रे बुजली. मग एकदा त्यांनी मला तारेच्या घासणीने खरवडले. चीर पडली आणि पिवळे पाणी आरपार जाऊ लागले.

कोणी पाहिले नव्हते. निम्मी हळद शिजायची होती. तरीही भाऊसोंनी चूल विझवली, पाणी खड्ड्यात अडवले आणि ते बयाबाईंच्या दारात गेले.

“वैनी, चूक माझी हाय. पडदा म्याच फाडला. नवा येईस्तवर हळद शिजवत न्हाई.”

बयाबाईंनी पाट पुढे सरकवला.

“बसा भावजी, च्या ठेवते. आन् ती कच्ची हळद माझ्या शेडात सावलीला आणून टाका. उनात लय खराब हुईल.”

समीक्षाने माझ्याच मापाचा नवा पडदा छापला. मी आता भाऊसोंच्या पडवीत खुंटीला असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या नाजूक वस्तूंना खरवडू नका, रोज थोडा वेळ द्या. आणि हातून चीर पडलीच, तर ती लपवू नका.

आता रोज दिवस मावळताना बांधावरून हाक येते, “भावजी, धुतला का पडदा?”

“व्हय वैनी, धुतला!”