नजर काढली

"बाबा आले!" म्हणताच जिन्यावरची गर्दी उठली. वाकून आलेली माणसं दुसऱ्या दिवशी ताठ चालतात म्हणे! आत्याला घेऊन मीही त्या रेटारेटीत उभी होते. माझा काडीचाही विश्वास नव्हता, पण आत्यापुढे कुणाचं चालतंय?

आत्या शिवणकाम करते. साठीत पहिल्यांदाच तिचं कानशील ठणकायला लागलं होतं. केसांतून फणी फिरली तरी कळवळायची, चार घास चावले की जबडा भरून यायचा.

"नजर लागलीय, माई!" बाबाने डोळे गरगरा फिरवले. "तुमच्या हातच्या शिलाईवर जळतात मेले. ही सिद्ध भुकटी घ्या. नजर काढल्याशिवाय सोडणार नाही!"

दुसऱ्या दिवशी ठणका गायब. "बघ, मोठी शहाणी!" आत्याने मला टोमणा मारला. पुड्या संपत आल्या तशी बाबाने जाहीर केलं, "उतरली नजर. आता भुकटी बंद."

थोड्याच दिवसांत ठणका परतला. उजव्या डोळ्यापुढे पडदा येऊन गेला. मी डॉक्टरचं नाव काढलं, तर ही बाबाकडे!

"नजर जाता जाता झटापट करते," तो म्हणाला. "सोसा."

सुईत दोरा ओवताना आत्या डावा डोळा मिटते. एका सकाळी तसाच मिटला आणि म्हणाली, "दिवे गेले का गं?"

दिवे चालू होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कानशिलावरची जाड, दुखरी शीर चाचपली. "धमनीला सूज आहे. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटलाय. तपासण्या होत राहतील, औषध आत्ताच सुरू करू, नाहीतर दुसराही डोळा जाईल." मी उरलेली पुडी त्यांच्यापुढे ठेवली. ती तपासली, तर खडूत कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हणजे बाईंनी सुरू केलेलंच औषध!

"म्हणजे औषध बरोबरच होतं?" आत्याने विचारलं.

"औषध हेच. पण मोठ्या मात्रेत, महिनोन्‌महिने, रक्त तपासत आणि हळूहळू कमी करत द्यायचं असतं. त्याने चिमूटभर दिलं. दुखणं दबलं, आजार आत तसाच राहिला."

डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच.

आत्या मला घेऊन पुन्हा त्या जिन्यावर गेली आणि पुडीत काय असतं ते रांगेला सांगू लागली. रांगेतला एकजण खेकसला, "आम्हाला गुण आलाय, बाई!"

"मलाही आला होता," आत्या म्हणाली.

मी पुढे झाले, "अहो, गुण कशाने आला, एवढं तरी विचारा! पन्नाशीनंतर नवंच डोकं दुखू लागलं, फणी सोसेना, घास चावेना, नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा."

रांग तसूभर हलली नाही. आत्या मात्र बाबाच्या दाराकडे बोट करून म्हणाली, "खोटं नाही बोलला हो. नजर काढतो म्हणाला होता. काढली."