मिठावरची गाडी

बॅनरसाठी शेवटी दोन फोटो उरले. कच्छच्या रणाच्या कडेने जाणाऱ्या एका निर्मनुष्य रस्त्याची माहिती आमच्या प्रवासाच्या वेबसाइटवर सोमवारी लागणार होती. पहिल्या फोटोत नुसता डांबरी रस्ता, सरळ, क्षितिजापर्यंत. दुसऱ्यात एक जीप रस्ता सोडून पार आत, पांढऱ्या मिठावर उभी होती आणि शेजारी एक माणूस हात पसरून उभा.

मला ठरवता येईना. शुक्रवारी मी दोन्ही फोटो कोलकात्यातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकले. गणपतीचा नैवेद्य असो की कुणाच्या पडद्यांचा रंग, आमच्यात सगळं तिथे मताला टाकलं जातं. खाली लिहिलं, "दोन्ही डिसेंबरमधले. कुठला लावू?"

डिसेंबर हे फोटोग्राफरने कळवलं होतं. मी तपासलं नव्हतं.

"पहिला बघून हावड्याच्या बसस्टॉपची आठवण झाली," सरलाकाकूंनी लिहिलं. "रस्ता आहे, गाडीचा पत्ता नाही."

दुसऱ्याला सव्वीस मतं पडली. त्यातलं एक सुचित्रावहिनींचं. त्यांचे यजमान विनायकराव बँकेत, सुयश त्यांचा मुलगा. जूनमध्ये त्यांची डमडमहून भूजला बदली झाली, पण वहिनींनी ग्रुप सोडला नव्हता. "हे तर आमच्यापासून तीन तासांवर," त्यांनी लिहिलं. "उद्या चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. सुयशला अगदी अस्साच फोटो हवाय, आपली गाडी मिठावर उभी करून. नेमकी जागा पाठव ना."

मी पाठवली. वर अंगठ्याचा इमोजीही टाकला.

शनिवारी दुपारी बाराला न्यू टाउनच्या ऑफिसात तन्मय माझ्या टेबलापाशी आला. बॅनर तोच जोडणार होता.

"ऋतादी, फोटोखाली महिना घालायचाय. डिसेंबर ना?"

"हो," मी म्हटलं आणि मग, छापलं जाणार म्हणून, फोटो मोठा करून पाहिला.

माणसाची सावली त्याच्या पायांशीच गोळा झाली होती. मी स्क्रीनला पट्टी लावली. माणूस चार सेंटिमीटर, सावली जेमतेम एक. म्हणजे सूर्य जवळजवळ डोक्यावर. डिसेंबरात त्या भागात भर दुपारीसुद्धा सावली माणसाहून थोडी लांबच पडते. हा फोटो एप्रिलच्या मध्यानंतरचा होता, बहुधा मे महिन्यातला.

"मग मे लिहू?" तन्मय म्हणाला. "एका शब्दाचं तर काम आहे."

"पावसाळ्यात तिथे पाणी भरतं," मी म्हटलं. "ते आटत जातं आणि वर मीठ धरतं. मे महिन्यापर्यंत खालची जमीन कडक होते. आत्ता डिसेंबरात वर दोन बोटं मीठ असेल आणि खाली चिखल."

"दिसायला?"

"सारखंच दिसतं."

मी ग्रुप उघडला. वहिनींचा शेवटचा निरोप सव्वाअकराचा होता. "आलो बरं का. आता डांबर सोडतोय. फोटो पाठवतेच." फोटो आला नव्हता. मी त्यांना फोन लावला, मग विनायकरावांना. दोघांचेही लागेनात. 'गाडी मिठावर नेऊ नका' असं लिहून पाठवलं. निरोप पोहोचल्याची खूण उमटली नाही.

तन्मय खुर्ची ओढून शेजारी बसला.

बारा चाळीसला वहिनींचाच फोन आला. आवाज तुटत होता.

"ऋता, हसू नकोस हं. गाडी पोटापर्यंत बसलीय. पापड मोडावा तसं मोडलं गं खालचं."

"वहिनी, तिघंही गाडीपाशीच आहात ना?"

"मी आणि सुयश आहोत. हे गेलेत मदत आणायला. कुठेतरी खोपट दिसतंय म्हणाले, जवळच आहे."

"रस्त्याकडे का नाही गेले?"

"रस्ता चार किलोमीटर मागे राहिला. बँकेत बसून बसून सवय गेलीय चालायची, म्हणाले."

"त्यांना परत बोलवा. रणात दुपारी नसलेलं खोपटही दिसतं. जाताना उमटलेल्या पावलांवरूनच परत या म्हणावं."

"हाक पोचत नाही आता. थांब, सुयशला पाठवते."

"नको, वहिनी, त्याला पाठवू नका."

"तो निघालासुद्धा. सुयश! अरे, ऋतामावशी काय म्हणतेय..." आणि फोन तुटला. पुन्हा लावला. लागला नाही.

तन्मयने भूजच्या पोलीस कंट्रोल रूमचा नंबर शोधून दिला. पलीकडचा माणूस हिंदीत, शांतपणे एकेक विचारत गेला. मी जागेचे अक्षांश-रेखांश दिले, गाडीने डांबर सोडल्याची वेळ दिली, वहिनींचा नंबर दिला. मिठावर मोठी गाडी आणू नका, हेही सांगितलं.

"पोचायला दीड तास लागेल," तो म्हणाला. "बाई गाडीत आहेत, त्या सापडतील. ते दोघं पायी कुठल्या दिशेला गेलेत?"

हे मी वहिनींना विचारलं नव्हतं.

"हॅलो," तो म्हणाला. "मॅडम, दिशा?"