शनिवारपर्यंत थांबलेलं रक्त

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नुसती धांदल चालली होती. शुक्रवारी सिकलसेल या रक्ताच्या आजारावर डॉक्टरांची परिषद, शनिवारी गावकऱ्यांसाठी आरोग्य मेळावा आणि महारक्तदान शिबिर. फाटकावर कमान चढत होती आणि एरवी कुणी न पुसलेल्या जिन्यांवर कुंड्या मांडल्या जात होत्या. इंटर्न दिव्यानी मडावीही सुरुवातीला हौसेने धावली. मुलचेऱ्याकडच्या तिच्या गावात घरोघरी हा आजार. त्यावर मोठे लोक बोलायला येणार, याचं तिला अप्रूप होतं.

बुधवारी सकाळी ती मुलांच्या वॉर्डात गेली, तर एटापल्लीकडची सुकरी पांढरीफटक पडली होती. सिकलसेलच. प्लीहा सुजून पोट तट्ट फुगलेलं. ताबडतोब रक्त चढवा, असं वॉर्डाच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पिशवी काही लागली नव्हती.

"बाई, रक्त नाई म्हणते," सुकरीची आई रंभा म्हणाली. "आमच्या गावचा पवन आला ना द्याले. त्याचा गट जुळते. पण त्याले वापस धाडलं."

"वापस? काऊन?"

"शनिवारी ये म्हणते."

दिव्यानी तडक रक्तपेढीत गेली. तिथला तंत्रज्ञ बिरजू मान वर करेना.

"बोरकुटे सरांनी सांगितलंय, मॅडम. आत्ता दिलेल्या माणसाला तीन महिने परत देता येत नाही. मग शिबिरात आकडा कुठून दिसणार?"

रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर बोरकुटे सभागृहामागे पाहुण्यांच्या जेवणाची चव बघत होते. दिव्यानीचं सगळं ऐकेपर्यंत त्यांनी दुसरा गुलाबजाम तोंडात टाकला.

"नागपूरहून मागवा ना."

"गाड्या पाहुण्यांना आणायला गेल्यात, सर."

"मग बघा काहीतरी. आणि त्या मुलीचा एक फोटो काढून ठेवा. पोट नीट दिसलं पाहिजे. माझ्या भाषणात लागेल."

त्यांच्या हनुवटीवरून पाक ओघळला.  दिव्यानी फिरली आणि पवनला शोधून परत रक्तपेढीच्या दारात उभी राहिली.

"घे याचं रक्त."

"माझी नोकरी जाईल, मॅडम."

"माझं नाव सांग. नाही घेतलंस, तर ही पोर काऊन थांबली ते या व्हरांड्यात ओरडून सांगते."

बाकांवरचे नातेवाईक उठून उभे राहिले होते. रंभा तर दारातच येऊन बसली. बिरजूने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि पवनला खाटेवर झोपवलं. तपासण्या होऊन संध्याकाळी पिशवी सुकरीच्या उशाशी टांगली गेली. दुसऱ्या दिवशी पोरीने भात मागितला, तेव्हा रंभा तोंडाला पदर लावून रडली.

फोटो दुसऱ्या कुणीतरी काढला होता. शुक्रवारी परिषदेत पडद्यावर सुकरीचं उघडं पोट भिंतीएवढं दिसलं. चेहराही झाकला नव्हता.

"अत्यवस्थ बालिका," बोरकुटे म्हणाले. "आमच्या तत्पर रक्तसेवेमुळे वाचली."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून दिव्यानी उठली.

"सर, तिचा रक्तदाता तुम्ही शनिवारी ये म्हणून परत पाठवला होता. शिबिराच्या आकड्यासाठी."

 दोन-चार जणांनी मागे वळून पाहिलं. मग अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत, प्रश्न जेवणानंतर घेऊ, असं जाहीर केलं आणि सगळे उठले. ताटं घेऊन रांगेत लागलेल्या एकानेही तिला खरं काय घडलं ते विचारलं नाही. एका पाहुण्याने मात्र हात धुवायला कुठे जायचं ते विचारलं.

शिस्तभंग म्हणून त्याच संध्याकाळी तिची इंटर्नशिप वाढवली गेली. तसं कळवणारी चिठ्ठी घेऊन ती वॉर्डात गेली. पाहुण्यांच्या जेवणातले उरलेले गुलाबजाम तिथे मुलांना वाटले जात होते. सुकरी हात पुढे करत होती. दिव्यानीला बोरकुट्यांच्या हनुवटीवरून ओघळलेला पाक आठवला. ती खिडकीशी गेली आणि पोरीचं खाऊन होईपर्यंत बाहेर तोंड करून उभी राहिली.