दुसऱ्या बाजूवरचं हसणं

"थांबा, आता बोलू नका. आता येतोय तो," नेल्डा क्रेनेकनं बोट वर केलं आणि समोरच्या पाहुण्यानं, वेंडेल प्रुइटनं, खसखस भरलेल्या गोड पावाचा, कोलाचीचा, घास तोंडाजवळच धरून ठेवला.

तबकडी खरखरत होती. क्लेट हॅस्किन्स दुसरं कडवं विसरला, "छ्या!" असं स्वतःवरच चिडला, घोटभर काहीतरी प्यायला, तेसुद्धा ऐकू आलं, आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागला. व्हायोलिन उठलं. तेवढ्यात गर्दीतून एक पुरुष ओरडला. शब्द नव्हता त्यात काही. नुसतं "आऽऽ-हाऽ", खालून वर चढत गेलेलं, पोटातून आलेलं. आणि त्याला लागूनच, अगदी जवळून, एक बाई हसली.

"हा माझा आल्विन," नेल्डा म्हणाली. हसण्याबद्दल ती काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे.

तिनं सुई उचलली. फोटो काढूनच ठेवला होता. पवनचक्कीच्या शिडीवर एक पाय ठेवून उभा असलेला, डोळे बारीक केलेला आल्विन. चक्क्या आणि विहिरीवरचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा माणूस, आणि सगळ्या टेक्ससभर त्याची ओळख काय, तर ही आरोळी!

क्लेट हॅस्किन्स वारला त्याला वर्ष होत आलं होतं. डुबोवा गावच्या हॉलमध्ये चौऱ्याहत्तर साली भरलेली त्याची ती मैफल रेकॉर्ड कंपनी आता सीडीवर पुन्हा आणणार होती, सोबत गावकऱ्यांच्या फोटोंचं छोटं पुस्तक. त्यासाठी प्रुइट आला होता. त्या रात्री ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर तोच बसला होता. गावात ज्याला विचारावं तो म्हणे, आरोळीचा फोटो हवा तर नेल्डाकडे जा.

हॉलमध्ये माणसं मावतात चारशे. त्या रात्री आपण तिथं होतो म्हणणारे दोन हजार तरी भेटतील. बरं, म्हणेनात का! क्लेटच्या बाकीच्या तबकड्या घासून-पुसून ठेवलेल्या काचेच्या भांड्यांसारख्या होत्या. ही मात्र घामेजलेली. तिच्यात तो चुकतो, खोकतो, "अरे, तो दरवाजा उघडा रे कोणीतरी," म्हणतो, आणि माणसं हसतात, शिट्ट्या मारतात, बाटली पाडतात. डुबोवात प्रत्येक घरानं त्यातला एकेक आवाज आपला म्हणून धरला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, चर्च आणि जेवण झाल्यावर, हॉलमध्ये ती तबकडी लावायची आणि आपली जागा आली की आपला आवाज आपण काढायचा, हा गावाचा रिवाज. एर्विन कुबाला दरवर्षी बाटली पाडतो. यांडांची शिट्टी म्हाताऱ्या यांडाच्या मागं त्याची सून मारते. गेलेल्या माणसाचा आवाज घरच्यांनी काढायचा, तो रिकामा ठेवायचा नाही.

रिकामी होती ती एकच जागा. आल्विनला जाऊन वीस वर्षं झाली, पण नेल्डानं त्याच्यासाठी एकदाही आरोळी दिली नव्हती. लोक म्हणत, बाईला अजून सोसत नाही.

प्रुइटनं फोटो उलटा करून पाहिला. मागं आल्विनच्या अक्षरात फक्त 'मी' असं लिहिलेलं होतं. त्यानं कोलाची बशीत ठेवली, रुमालानं बोटं पुसली, मग चष्मा पुसला, मग पुन्हा बोटं पुसली.

"मिसेस क्रेनेक, हा फोटो मला नेता येणार नाही."

"का? चांगला नाही आला का? दुसरा आहे, पण त्यात तो झोपल्यासारखा दिसतो."

"तो आवाज तुमच्या मिस्टरांचा नाही."

नेल्डा हसली. "अहो, रेकॉर्ड निघाल्यावरही चौदा वर्षं संसार केलाय मी त्याच्याबरोबर."

"ऐका तर. गर्दीसाठीचे माईक आम्ही छताला टांगले होते, त्या मोठ्या पंख्याजवळ. माझीच चूक. नंतर ऐकलं तर त्याच्यावर नुसतं पंख्याचं घोंघावणं. क्लेटचं गाणं, वाजवणारे, ते सगळं इथलंच आहे. पण माणसं... माणसं दोन महिन्यांनंतरची, ओक्लाहोमातल्या एका मैफलीतली. कापून इथं जोडली. मीच जोडली, या हातांनी."

नेल्डाच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो असा:

"ती हसणारीसुद्धा?"

"तीसुद्धा तिकडचीच."

नेल्डा खुर्चीत बसली. मग एकदम तिला राग आला. "आणि हे आता सांगताय? गावभर सांगणार आहात?"

"नाही. कंपनी म्हणते, आहे ते तसंच राहू दे. पण तुम्ही फोटो काढून ठेवलात, पाठीवर त्यांचं अक्षर... मला गिळवेना हो."

"तुम्हांला गिळवेना म्हणून माझ्या घशात घातलंत होय?"

प्रुइट उठला. तरी निघताना नेल्डानं सहा कोलाची कागदात बांधून त्याच्या हातात दिल्याच. रिकाम्या हातानं कुणाला दाराबाहेर काढायची तिला सवय नव्हती.

गाडीचा आवाज गेल्यावर ती हसली. एकटीच, मोठ्यानं. तिकडचीच! ओक्लाहोमातली कुणी बया हसली आणि आपण पस्तीस वर्षं तिच्याशी इथं भांडत बसलो!

त्या रात्री नेल्डा हॉलमध्ये नव्हतीच. चार महिन्यांच्या डार्लिनला घशात घरघर लागली होती. "तू जा, तुझा क्लेट आहे," असं तिनंच आल्विनला म्हटलं होतं. तो परतला, नाचताना पाय सहज घसरावेत म्हणून फरशीवर टाकलेलं मक्याचं पीठ बुटांना लागलेलं. "कसं झालं?" "बरं झालं." संपलं. मग सहा महिन्यांनी तबकडी आली. आरोळी ऐकून तिनं विचारलं, "हा तूच ना रे?" तो म्हणाला, "असेन." "आणि ती हसतेय ती कोण?" "एवढी गर्दी होती, नेल्डा." पण हे म्हणताना त्यानं मान वळवली, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. पुढं चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना कुणीतरी सहज बोलून गेलं की त्या रात्री आल्विन आणि पोस्टातली लिबी मारेक एकाच खांबाशी उभे होते. झालं. ते हसणं घरात राहायला आलं. भांडी घासताना ते मागून येई. पवनचक्की करकरली तरी तिला तेच ऐकू येई. आल्विन शेजारी झोपलेला असायचा आणि ते हसणं दोघांच्या मध्ये. पोस्टात लिबीच्या खिडकीशी तिनं तीस वर्षं तिकिटं घेतली आणि हवापाण्यापलीकडे शब्द बोलली नाही.

आणि आल्विन? शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात, तो म्हणाला होता, "नेल्डा, त्या हॉलमधल्या रात्रीचं..." आणि तिनं उशी नीट करायच्या निमित्तानं म्हटलं, "राहू दे आता. पड तू." ते 'राहू दे' तिला आता जाळत सुटलं. नसलेल्या बाईपायी मरणाऱ्या माणसाचं तोंड बंद केलं तिनं!

तिनं तबकडी पुन्हा लावली. आरोळी आली. परका माणूस ओरडला. काल शनिवारी, धुणं वाळत घालून झाल्यावर, हाच आवाज ऐकून तिनं मान डोलावली होती. लग्नातल्या फिल्मला आवाज नव्हता, फोनच्या यंत्रावर तिचाच आवाज होता. चर्चमागं त्याला पुरून आली तेव्हासुद्धा घरात निदान एवढं होतं. आता घरात काही नव्हतं. मग मात्र ती रडली.

आठ दिवसांनी पहिला रविवार आला. नेल्डानं कुणापाशी ब्रही काढला नव्हता. यांडाच्या सुनेला काय सांगायचं, शिट्टी ओक्लाहोमाची आहे? तिनं मनाशी एकच ठरवलं होतं. लिबीचं ती माफीचं देणं लागत होती, ते तरी फेडायचं.

सॉसेज आणि लोणच्याची ताटं उचलली गेली तसं माणसं खांबांशी आपापल्या जागी जाऊ लागली. लिबी दरवर्षीप्रमाणे पश्चिमेकडच्या तिसऱ्या खांबाशी, मान खाली घालून उभी. लग्न न केलेली, नीटस, कॉलरची बटणं गळ्यापर्यंत लावणारी. ती या कार्यक्रमात कधी कुठला आवाज काढत नसे. नेल्डा हॉल ओलांडून सरळ तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"जागा आहे ना गं?"

लिबी दचकली. "तुझीच आहे," ती म्हणाली आणि बाजूला सरली.

एर्विननं सुई ठेवली. "अजून जिवंत आहात ना रे सगळे? मग ओरडा की!" तो म्हणाला. त्याची बाटली पडली, फुटली नाही, म्हणून टाळ्या. शिट्टी झाली. तबकडी उलटली. क्लेट कडवं विसरला, "छ्या!" म्हणाला, आणि सगळा हॉल त्याच्याबरोबर "छ्या!" म्हणाला. व्हायोलिन उठलं. सवयीनं लोकांनी खाली पाहिलं, कारण आता ती रिकामी जागा येणार होती.

आणि नेल्डा ओरडली. बासष्ट वर्षांची, शाळेच्या भोजनगृहात जन्मभर डाव चालवलेली बाई, पोटातून ओरडली, "आऽऽ-हाऽ!" वीस वर्षांचं सगळं त्यात निघालं. ओक्लाहोमाचा माणूस तिच्या आवाजाखाली बुडून गेला. त्यामागून ते हसणं आलं आणि गेलं. नेल्डाला त्याची काही भीती वाटली नाही.

"शाब्बास, नेल्डा!" एर्विन ओरडला. डोळे पुसायला अर्धा हॉल रुमाल शोधत होता.

लिबी मात्र भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली होती, दोन्ही हात मांडीत गच्च धरून. पुढचं गाणं सुरू झालं, जोडपी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला लागली. नेल्डा तिच्याशेजारी टेकली.

"लिबी, मी तुझ्याशी फार वाईट वागले. का, ते विचारू नकोस."

"विचारायचं काय त्यात?" लिबी म्हणाली. "दरवर्षी वाटायचं, आज तू येशील आणि विचारशील. आज आलीस. आता माझ्यानं लपवून होणार नाही, आणि लपवू कसं, रेकॉर्डवरच आहे ते. ते हसणं माझं आहे, नेल्डा."

बुटांचे आवाज, व्हायोलिन, एर्विनची बडबड, सगळं लांब गेलं.

"एक वॉल्ट्झ नाचलो आम्ही. त्यानं नाही विचारलं, मी विचारलं. नाच संपला आणि तो असा ओरडला ना, मला हसूच आवरेना. एवढा मुखदुर्बळ माणूस! मग म्हणाला, पोरगीला बरं नाही, मी निघतो. गेला. शपथेवर सांगते, तेवढंच झालं." ती थांबली. "मला तेवढं आयुष्यभर पुरलं. चूक म्हण, काही म्हण. त्याला सांगितलं होतं मी, नेल्डाला सांगून टाक. त्यानं सांगितलं नसणार."

उशी नीट केलेली नेल्डाला आठवली. "त्यानं सांगायला घेतलं होतं," ती म्हणाली.

तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. ते हसणं तुझं नाही गं, ओक्लाहोमाच्या कुठल्या बाईचं आहे. तू त्या रेकॉर्डवर नाहीसच. एवढं म्हटलं असतं तर पस्तीस वर्षांचा हिशोब क्षणात चुकता झाला असता. लिबीकडे दुसरं होतं काय? ना फोटो, ना चिठ्ठी, ना कुणासमोर रडायची सोय. नेल्डानं शेजारी पाहिलं. लिबीनं खालचा ओठ दातात धरला होता.

"एक सांगू?" लिबी म्हणाली. "रेकॉर्डवर त्याचा आवाज सरळ चढतो. खरं तर शेवटी चिरकला होता. म्हणून तर मी हसले. मशीननं काहीतरी नीट केलं असणार ते."

चिरकायचाच तो! चक्कीच्या टोकावरून "पाना दे!" म्हणून ओरडायचा तेव्हा दर वेळी शेवटी चिरकायचा, आणि खाली शिडी धरून उभी असलेली ती हसायची. वीस वर्षं त्या सरळ आरोळीनं तिच्या कानातून ते पुसून टाकलं होतं, आणि तिला पत्ताही नव्हता.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "कसा चिरकला?"

लिबीनं सांगितलं. हातानं दाखवलंही, इथपर्यंत चढला आणि मग असा. नेल्डानं दोनदा विचारलं, तिनं दोनदा सांगितलं. जोडपी त्यांच्या गुडघ्यांना घासून फिरत होती.

"रागावलीस?" शेवटी लिबीनं विचारलं.

नेल्डानं तिच्या मांडीवरचा एक हात सोडवून आपल्या हातात घेतला. "चांगलं आलंय गं तुझं हसणं त्यात," ती म्हणाली. "अगदी स्पष्ट."

लिबीनं मान खाली घातली. त्रेसष्टाव्या वर्षी बाईचे कान लाल झाले, आणि नेल्डा तिला बघायचं सोडून नाचणाऱ्यांकडे बघत राहिली.