हुंग्याचं नाक

मला घरात सगळे हुंग्या म्हणतात. नाव ताईनं ठेवलं, मी सहा वर्षांचा असताना. अंगणात खेळता खेळता मी ओरडलो होतो की दूध लागलं, आणि खरंच लागलं होतं. पुढे मी गॅसफिटर झालो तेव्हा ती चारचौघांत सांगत सुटली, "आमच्या हुंग्याला यंत्रबिंत्र लागत नाही. नुसतं नाक पुढे केलं की झालं."

दोन वर्षांपूर्वी एका तापात ते नाक गेलं. कांदा नाही, फिनेल नाही, गॅस तर नाहीच. डॉक्टरशिवाय कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. वास न येणाऱ्या फिटरला कोण दारात उभं करणार? गॅस हुंगणारं एक यंत्र गुपचूप आणलं आणि मोज्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवलं. गिऱ्हाइकाची पाठ वळली की काढायचं, जोडाजोडावरून फिरवायचं, परत मोज्यात.

दाजी बस चालवून निवृत्त झाले आणि त्यांनी एका जुन्या मिनीबसचं घर केलं. मध्ये ओटा, मागे पलंग, पलंगाखालच्या कप्प्यात जनरेटर. दाजींना झोपताना श्वासाचं मशीन लागतं, म्हणून जनरेटर हवाच. पण तो पेट्रोलवरचा, आणि पेट्रोलच्या वासानं ताईला मळमळायचं.

"याला गॅसवर करून दे," ती म्हणाली. "जन्मभर ह्यांच्या डब्याची वेळ सांभाळली. आता चार महिने मी खिडकीत बसणार."

निघायच्या आदल्या दिवशी काम काढलं. प्रोपेनचा सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात आवळून बांधला, रेग्युलेटर लावला, गाडीच्या पोटाखालून तांब्याची नळी आणली, कार्ब्युरेटरला गॅसचं तोंड बसवलं. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. मग जनरेटर रुळांवरून आत ढकलला. खरी मेख इथेच असते. ढकलताना मागची नळी दबून तिचा जोड ढिला होऊ शकतो, आणि मग त्या जोडापर्यंत ना ब्रश पोचतो, ना हात. तिथे फिटर नाक लावतो.

ताई डोक्यावरच उभी होती.

"तुला दुसरं काम नाही का गं?"

"नाही. तुला बघायचंय."

मी गुडघ्यांवर बसलो, कप्प्यात डोकं घातलं आणि दोनदा जोरात श्वास ओढला. नुसतं नाटक. यंत्र हातभर अंतरावर पेटीत पडलं होतं.

"हुंग्या, मला वास येतोय रे. बारीकसा. गॅससारखा."

"तुला कसलेही वास येतात. जोडताना थोडा सुटतोच. जाईल."

"तुला येतोय का?"

माझं डोकंच फिरलं. "तीस वर्षं हेच करतोय मी! आता तू शिकवणार मला?"

"चिडतोस काय? येतोय का, एवढंच विचारलं."

"नाही."

खोटं नव्हतं ते. "मग नसेलच," ती म्हणाली, माझ्या डोक्यात टपली मारली आणि घरात चहा टाकायला गेली.

मी एकटाच उरलो. पेटी उघडली, मोज्यावर हात ठेवला. पण गॅस सापडला की ते यंत्र वाजतं, कर्कश, घरात ऐकू जाईल इतकं. आत्ताच नाही म्हणून बसलोय, आणि हे वाजलं तर? ती धावत येईल, हे काय म्हणून विचारेल. मला लाज वाटली. मी पेटी लावून टाकली आणि चहा प्यायला गेलो.

सिलिंडरची चावी उघडीच राहिली होती, आणि प्रोपेन हवेपेक्षा जड. कप्प्याच्या तळाला जाळी ठेवली होती, तिच्यातून थोडा गेला असेल. उरलेला रात्रभर बंद गाडीत खाली साचत राहिला. सकाळी दाजी दूर फाटकाशी होते, ते उघडायला गेलेले. ताई श्वासाचं मशीन चालतंय का बघायला आत गेली आणि तिनं जनरेटरचं बटण दाबलं.

ताई गेल्याच्या अकराव्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यानं आम्हा दोघांना बोलावलं. स्फोटानंतर ताईला काढायला आगीत शिरलेल्या दाजींच्या भुवया जळलेल्या, एका कानाला पट्टी. मी काही बोलायच्या आतच ते माझी बाजू घेऊन बोलू लागले.

"साहेब, ह्याची काही चूक नाही. मी फाटकाकडे निघालो तेव्हा ती गाडीच्या दारातून म्हणाली होती मला, अजून वास येतोय, पण हुंग्या नाही म्हणालाय. तिलाच सारखे वास यायचे हो. ह्याच्या नाकाला आला नाही म्हणजे तेव्हा गळती नव्हतीच. नंतर झाली असेल."

अधिकाऱ्यानं तसंच लिहून घेतलं. जोडणीनंतर वास घेऊन खात्री केली, गळती आढळली नाही. कागद माझ्यापुढे सरकवला. सही केली असती तर सुटलो असतो. दाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात मला सहन होईना.

मी पेटी सोबत आणली होती. उघडली, तळातून मोजा काढला आणि यंत्र टेबलावर ठेवलं.

"हे काय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझं नाक, साहेब. दुसरं दोन वर्षांपूर्वीच गेलं."

दाजींनी यंत्राकडे बघितलं. मग त्यांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"त्या दिवशी हे तुझ्याजवळ होतं?"

"होतं, दाजी. पेटीत होतं."