काडी पैलवान आणि त्याची बायको

मित्रांनो, सरकारी दवाखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून एक जुनी हातगाडी कुजत पडली आहे ना, ती मीच.

सुताराने मला घडवलं आणि एका तरण्याताठ्या हमालाने घरी नेलं. नुकतंच लग्न झालं होतं त्याचं. सिमेंटच्या गोण्या लादून तो मला चढावावरही पळवायचा. दुकानदार म्हणत, "माणूस कसला, बैल आहे." ते कौतुक मलाही आपलंच वाटे.

संध्याकाळी मी त्याच्या एका खोलीच्या दाराशी उभी असे. दार उघडंच असायचं, त्यामुळे आतलं सगळं दिसे. त्याची बायको शर्टांना बटणं लावायची. सकाळी मांडी घालून बसली की गठ्ठा संपेपर्यंत उठायची नाही. जरा बाहेर जाऊन येते म्हटलं, तर सासू म्हणे, "बाईमाणसाचं बाहेर काय काम?" भूक लागली की गोड चहा, नाहीतर तेलात परतलेला शिळा भात. तो तर सकाळी नुसत्या चहावरच कामाला जुंपला जाई.

वर्षं गेली. तो ओझी ओढून वाळत गेला आणि ती बसल्या जागी वाढत गेली. गल्लीने त्याला 'काडी पैलवान' केलं आणि तिला 'पिंप'. सासू तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "माझ्या लेकाच्या तोंडचा घास खाऊन फुगलीय."

ते ऐकून तिने रात्रीचं जेवणच सोडलं. आपल्या वाटणीचंही ती त्याच्या ताटात वाढायची.

"तू जेवलीस का गं?" तो विचारी.

"केव्हाच."

तरी ती काही बारीक होईना आणि तो काही अंग धरीना. त्याला खोकला लागला होता. "सिमेंटची धूळ," एवढं म्हणून तो विषय संपवायचा.

मग तिच्या पायात सुई घुसली. जखम भरेना. पाय काळा पडला, ताप चढला, तेव्हा त्याने तिला माझ्यावर निजवलं आणि दांडे हातात घेतले. सासू पिशवी घेऊन बाजूने चालत होती.

पुलाच्या चढावर त्याचे पाय लटपटू लागले. चहाच्या टपरीवरून कुणीतरी म्हणालं, "पैलवान, आज माल जड दिसतोय." सगळे हसले. हात लावायला मात्र एकही उठला नाही.

"अहो, थांबा. मी उतरते," ती म्हणाली.

"पडून राहा गप."

पण ती उतरलीच. त्या काळ्या पायावर उभी राहून मला मागून ढकलू लागली. मग सासूनेही पिशवी माझ्यावर टाकून सुनेशेजारी हात लावला.

दवाखान्याच्या पायरीशी डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्यावरच तपासलं. "साखर फार वाढलीय. आणि अंगात रक्त नाही."

"एवढ्या अंगात रक्त नाही?" सासूने विचारलं.

"आजी, अंग वाढलं म्हणजे पोट भरलं असं नसतं. काय खाते ही?"

सासू सुनेच्या तोंडाकडे बघू लागली. डॉक्टरीणबाई हमालाकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्हालाही तपासायला हवं."

"मला काय झालंय? आजारी ती आहे." तो मला बाजूला घ्यायला वाकला आणि माझ्या दांड्यांमध्येच कोसळला.

क्षयाने त्याची छाती आतून पोखरली होती. औषधं दिली, पण ती पेलायला अंगात काही उरलं नव्हतं. तिचा पाय कापला त्याच आठवड्यात तो गेला. घरी जाताना सासूने तिला खांद्याचा आधार दिला. मला ओढायला कुणीच नव्हतं, म्हणून मी इथेच राहिले. त्या दोघी आता कशा जगतात, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, लाकूड कुजलं तर कुणी रडू नये. पण कुणी वाळत असेल, कुणी सुजत असेल, तर हसू नका, त्याला वेळेवर दवाखान्यात न्या. आणि कुणाचं अंग बघून त्याच्या ताटात काय पडतं ते ठरवू नका.