चावडीच्या दगडावरचा आकडा

शाळेत बोलावलंय असा निरोप आला, तेव्हा दगडाबाई शेणी थापत होती. पोरं थट्टा करतात असं समजून तिनं हातसुद्धा धुतले नाहीत. मांगवाड्यातल्या पन्नाशीच्या बाईचं शाळेत काय काम?

पण निरोप खरा होता. नानासो मास्तर सहावीला इतिहास शिकवत होते. पुस्तक मिटून त्यांनी पोरांना सरळ चावडीपुढं उभं केलं होतं. चावडीच्या भिंतीत सरकारनं बसवलेला संगमरवरी दगड आहे. त्यावर लिहिलंय, 'या गावातून मोठ्या लढाईस ८७ माणसे गेली. पैकी १४ मेली.' नाव एकाचंही नाही. मेंढरं मोजावीत तशी माणसं मोजली आणि साहेब निघून गेला. गावानं पंचवीस वर्षं त्या दगडाखाली बसून चिलीम ओढली, कुणाला लाज वाटली नाही. मास्तर पोरांना एवढंच म्हणाले, की हे चौदा कोण ते घरोघर विचारून या.

आठ दिवसांनी पोरं पंधरा नावं घेऊन आली. पंधरावा होता मसू, दगडाबाईचा नवरा. त्यावरून वर्गात भांडण जुंपलं होतं, म्हणून हा निरोप.

दगडाबाई शाळेच्या पायऱ्यांपाशी थांबली. मास्तर आत या म्हणाले, तर ती म्हणाली, ऐकायचं असंल तर तुमीच भाईर या. सगळा वर्ग अंगणात मातीत येऊन बसला.

मसू त्या मोठ्या लढाईत इराकातल्या बसऱ्याला पलटणीची खेचरं राखायला गेला होता. परत आलेल्या एका शिपायानं तिला सांगितलं होतं, की नदीकाठी पटकीची साथ आली, तो दोन दिवसांत गेला, आणि त्याच्यावर वाळू लोटली. ती रडली नाही. रडायचं होतं ते तिनं कधीच उरकलं होतं. "खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असायचा," ती म्हणाली. "खेचर मेलं की इचारणा व्हायची. ह्येच्या अंगावर कसलाच नंबर नव्हता."

एक पोरगा म्हणाला, की ते लढून मेले नाहीत, मग त्यांना कसं धरायचं? त्यावर विजयमाला उठली. ती पाटलाची नात, आणि नावं लिहायची वही तिच्याकडं होती.

"चौदातलं नऊ पटकीनंच गेल्यात," ती म्हणाली. "त्यात माझा चुलतआजा बी हाय. त्याला धरायचं आन् मसूआजाला न्हाई, असं का?"

तो पोरगा खाली बसला आणि मसूचं नाव वहीत राहिलं. ही गोष्ट पाटलाच्या कानावर गेली. दुसऱ्या लढाईची भरती करायला साहेब येणार होता, आणि त्याच दगडाखाली पोरांनी स्वागताचं गाणं म्हणायचं होतं. लालासाहेब पाटलानं मास्तरांना बजावलं, की भलतंसलतं झालं तर तुमची बदली कोयनेच्या रानात होईल. मास्तर म्हणाले, तिथंही पोरं असतीलच.

भरतीच्या दिवशी सकाळी दगडाबाईनं घरातला गेरू खलून आणला आणि पोरांनी दगडाखालच्या भिंतीवर पंधरा नावं लिहिली. पाटलाची म्हातारी आई, सुलाबाई, काठी टेकत आली. माझा कुठला, म्हणून तिनं पणतीला, विजयमालेला विचारलं, आणि त्या ओल्या अक्षरांवर बोट ठेवून तशीच उभी राहिली.

साहेबाची मोटार वेशीत आली तसा पाटील धावत आला. शेवटचं नाव पुसा म्हणाला. एकही पोर हललं नाही. मग त्यानं स्वतःच ओलं फडकं उचललं.

चावडीच्या पायऱ्यांवर मांगवाड्यातलं माणूस कधी चढलं नव्हतं. दगडाबाई चढली. आजवर तिनं पाटलाला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"पूस," ती म्हणाली. "पर वरनं सुरुवात कर. पयलं नाव तुझ्या भावाचं हाय. एकाला पुसायचं आन् चौदांना ठेवायचं, ह्यो न्याय हितं चालायचा न्हाई."

पाटलाच्या हातातलं फडकं ठिबकत राहिलं. सुलाबाईनं भिंतीवरचं बोट काढलं नाही. "लाला," ती मान न वळवता म्हणाली, "फडकं खाली ठेव."

त्यानं ठेवलं.

गाणं राहूनच गेलं. साहेबानं छाती मोजायची फीत काढली आणि जवानांची रांग लावली. सगळ्यात पुढं ज्ञानू होता, गावातला पहिल्या नंबरचा गडी, पैलवान. त्यानं आधी भिंतीकडं बघितलं, मग वरच्या दगडाकडं.

"सायेब," तो म्हणाला, "आमी मेलो तर नाव लिवणार का आकडा, तेवढं आधी सांगा."

साहेबाच्या कारकुनानं सांगितलं, की ते सरकार ठरवील.

"मग सरकार ठरवंस्तवर आमी थांबतो," ज्ञानू म्हणाला आणि रांगेतून बाहेर पडला. त्याच्यामागचा पडला, त्याच्यामागचाही.

दगडाबाई मात्र पायऱ्या उतरली नाही. तिनं विजयमालेला जवळ बोलावलं आणि मसूचं नाव कुठून सुरू होतं, कुठं संपतं, ते दाखव म्हणाली. उद्या कुणी पुसलंच तर तिला ते स्वतः लिहायचं होतं.